घरबसल्या व्यापार आणि त्यातील खाचखळगे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी विषय सुचविला तो 'गृहोद्योग' हा. हा विषय आपल्या संमेलनांना नवा नाही. पापड, लोणची, शिवणकाम, विणकाम यांवर आजवर अनेक विद्वानांनी व अनुभवी भगिनींनी मार्गदर्शन केलेले आहे. तथापि त्या काळचा गृहोद्योग आणि आजचा गृहोद्योग यांत एक मोठे अंतर पडले आहे. पूर्वी आपले गिऱ्हाईक म्हणजे शेजारची आळी. आज चकलीचे छायाचित्र दुपारी मोबाइलवर टाकावे, तो संध्याकाळी नागपूरहून, पणजीहून, बंगळूरहून मागणी यावी, अशी स्थिती आहे. दुकान नाही, पागडी नाही, नोकर नाही. घरातील ओटा हाच कारखाना आणि हातातील मोबाइल हीच पेढी.

ही गोष्ट आनंदाची खरीच. पण दार जितके मोठे, तितकी आत येणारी धूळही अधिक. हिशेबतपासणीच्या निमित्ताने अशा पुष्कळ घरगुती उद्योगांच्या वह्या माझ्या नजरेखालून जातात. त्यांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. पदार्थ चांगला नाही म्हणून बंद पडलेला उद्योग क्वचितच आढळतो. बंद पडतात ते पदार्थ उत्तम असताना. म्हणून पाककृतीविषयी मी आज काहीही बोलणार नाही; त्या बाबतीत येथे बसलेल्या भगिनींनी मलाच शिकवावे. मी बोलणार आहे ते वाटेवरच्या खाचखळग्यांविषयी. उदाहरण म्हणून दिवाळीच्या फराळाचा धंदा घेते, कारण आपल्या बहुतेक घरांत सुरुवात त्यानेच होते.

पहिला आणि सर्वांत खोल खळगा हिशेबाचा आहे. 'घरचेच तर आहे' हे तीन शब्द जितक्या उद्योगांच्या मुळावर आले, तितका दुष्काळही आला नसेल. समजा, एका भगिनीने दहा किलो चकली केली. भाव किलोला ५०० रुपये. भाजणी, तेल, तीळ, मसाला मिळून सामानाचे २,२०० रुपये झाले. दहा किलोचे ५,००० येणार, त्यांतून २,२०० वजा जाता २,८०० रुपये सुटले, असे ती मनाशी धरते. आता वही उघडू या. दहा किलोंपैकी अर्धा किलो मोडला आणि अर्धा किलो नमुना म्हणून वाटला गेला. म्हणजे विकली गेली ती नऊ किलो, आणि आले ४,५०० रुपये. सामानाचे २,२०० त्यांतून गेले. गॅसचे २५०, डबे-पिशव्या व चिठ्ठ्यांचे ४५०, गावातल्या गावात पोचविण्याचे ३०० गेले. एकूण खर्च ३,२०० रुपये. उरले १,३००. यासाठी दोन दिवस मिळून सोळा तास ती उभी होती. म्हणजे तिच्या हाताला तासाला सुमारे ८१ रुपये पडले.

हाच माल एखाद्या मोठ्या विक्रीमंचावरून विकला आणि त्याने शेकडा २० दलाली घेतली, तर ४,५०० वर ९०० रुपये गेले. उरले ४००. सोळा तासांनी भागा. तासाला २५ रुपये. आणि एवढ्यात एखाद्या आप्ताने 'आम्हांला काही कमी करा' म्हटले, की तेही गेले! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपण दुसऱ्यांसाठी वापरतो. ती आपल्या ओट्यावर खरी होत असते आणि आपणांस कळतही नाही.

येथे कोणी म्हणेल, 'तिला नोकरीवर थोडेच जायचे होते? ती घरीच होती.' मला या वाक्याचा फार राग येतो. घरी असलेल्या बाईचा वेळ फुकट असतो, हा समज घरातील माणसांचाच नव्हे, तर पुष्कळदा त्या बाईचाही असतो. धंद्यात तो चालत नाही. कारण उद्या मागणी वाढली आणि मदतीला बाई ठेवावी लागली, तर तिला मजुरी द्यावीच लागणार. आणि भावात आपली मजुरी धरलेली नसेल, तर ती मजुरी येणार कोठून? ज्या भावात मालकिणीची मजुरी नाही, तो भाव धंद्याला वाढू देत नाही. म्हणून भाव ठरविताना सामान, इंधन, वेष्टन, वाहतूक, तूटफूट, दलाली आणि स्वतःची मजुरी हे सात आकडे आधी मांडा, आणि त्यावर नफा धरा. तो भाव गिऱ्हाइकास महाग वाटला, तर तो पदार्थ सोडून दुसरा घ्या. पण आकडा खाली ओढू नका.

दुसरा खळगा पहिल्याला लागूनच आहे. धंद्याचा पैसा आणि घरखर्चाचा पैसा एकाच खात्यात पडतो. फराळाचे पैसे आले, त्यांतून विजेचे बिल गेले, मुलाची फी गेली, आणि किराणा माल घराचा किती व धंद्याचा किती, हे कोणासच सांगता येईना. वर्षाअखेरीस 'चालले आहे बरे' एवढाच हिशेब शिल्लक राहतो. उपाय सोपा आहे. बँकेत निराळे खाते उघडावे, सर्व आवक त्यातच घ्यावी, आणि महिन्याच्या ठराविक तारखेस स्वतःची मजुरी म्हणून ठराविक रक्कम त्यातून घरखात्यात न्यावी.

पण खाते कोणाच्या नावाने? या प्रश्नावर मला थोडे थांबावयाचे आहे. राबते ती गृहिणी, पण मोबाइल क्रमांक पतीचा, पैसे येतात ते मुलाच्या खात्यात, आणि नोंदणी कोणाच्याच नावाने नाही, असा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहते. यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही; सोय म्हणून तसे होते. परिणाम मात्र सोयीचा नसतो. सरकारने २०१५ साली मुद्रा योजना सुरू केली. तिच्या 'शिशु' या पहिल्या पायरीवर ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. परंतु बँकेच्या अधिकाऱ्यापुढे ती भगिनी बसली आणि त्याने विचारले, 'आपल्या खात्यातील उलाढाल दाखवा', तर ती काय दाखविणार? पाच वर्षांचे श्रम कागदावर कोठेच नाहीत. दुर्दैवाने घरात काही आपत्ती आली, तर तिचा स्वतःचा धंदाही तिचा म्हणून सिद्ध करता येत नाही. म्हणून येथे बसलेल्या बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या घरातील उद्योग जिच्या हातांनी चालतो, तिच्या नावाने खाते, तिच्या नावाने मोबाइल क्रमांक आणि तिच्या नावाने नोंदणी, एवढे या वर्षात करा. सत्कार, शाल, श्रीफळ नंतर.

तिसरा खळगा उधारीचा. उधारीचे पोते सव्वा हात रिते, हे आपल्या वाडवडिलांनी दुकानाच्या पायरीवर बसून ओळखले होते. ऑनलाइन व्यापारात उधारी नसते असा एक गोड गैरसमज आहे. वस्तुतः समूहावर 'दोन किलो लाडू ठेवा हं ताई, पैसे नंतर पाठवते' हा संदेश म्हणजे उधारीच होय. आणि ती मागणार कशी? देणेकरी कोणाची मामी, कोणाची विहीण. तेव्हा नियम पहिल्या दिवशीच करावा आणि तो सर्वांना सारखा असावा : निम्मे पैसे मागणी देताना, उरलेले माल हाती पडताना. नियम लिहिलेला असला की माणूस वाईट ठरत नाही.

दिवाळीत कचेऱ्या व दुकाने भेटीचे डबे घेतात आणि पैशाला महिनोन्महिने लावतात. त्यांच्यासाठी कायद्याचा आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. करारात याहून मोठी मुदत घालता येत नाही, आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते. यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. मी 'विनामूल्य' हा शब्द मुद्दाम उच्चारते. सरकारी वाटावे अशा रूपाची खाजगी संकेतस्थळे याच कामाचे शेकडो, हजारो रुपये घेतात आणि आपण निमूटपणे देतो.

चौथा खळगा कायद्याच्या अज्ञानाचा. 'आम्ही काय घरगुती माणसे, आम्हांला कोण विचारतो?' असे म्हणून चालत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अन्न तयार करून विकणाऱ्या लहानात लहान व्यावसायिकानेही नोंदणी केली पाहिजे. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी आणि त्यावरील उलाढालीसाठी परवाना अशी विभागणी केली. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर छापावयाचा असतो.

पाकिटावर आणखी काय हवे? पदार्थाचे नाव, घटकांची यादी, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे तो अवधी, सर्व करांसह किंमत, करणाऱ्याचे नाव व पत्ता, तक्रारीसाठी दूरध्वनी, आणि शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह. यांपैकी काही गोष्टी अन्नसुरक्षेच्या नियमांनी, तर काही २०११ च्या वजनमापविषयक वेष्टन नियमांनी लागू होतात. शेंगदाणा, गहू, दूध, काजू-बदाम यांचा उल्लेख तर स्पष्ट अक्षरांत असावा. शेंगदाणा न सोसणाऱ्या मुलाच्या पोटात आपला चिवडा गेला, तर होणारा अनर्थ कोणत्याही दंडाहून मोठा आहे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी देशात लागू झाला. आपल्या राज्यात केवळ वस्तू विकणाऱ्यास वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यातील मेख ठाऊक नसते. करपात्र माल राज्याबाहेर विकला, तर ही सवलत सामान्यतः लागू होत नाही. उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावी लागते. कोल्हापूरहून सांगलीला पाठविलेली चकली आणि कोल्हापूरहून बेळगावला पाठविलेली चकली चवीला एकच असली, तरी कायद्याला दोन आहेत! तसेच मोठ्या विक्रीमंचावरून विकणाऱ्यांना पूर्वी सरसकट नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना यात काही अटींवर सूट मिळाली. तेव्हा परराज्यातील मागणी स्वीकारण्यापूर्वी एकदा करसल्लागाराकडे जा. त्याची फी हाही धंद्याचाच खर्च आहे.

परदेशी भावंडांना पाठविण्याविषयीही हेच. भेट पाठविणे निराळे आणि विकणे निराळे. विक्रीसाठी आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो, आणि तिकडची जकातही बदलत असते. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आठशे डॉलरांपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी थांबवली, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर किती जणांचे अंदाज चुकले असतील, याची कल्पना करावी. ठरलेल्या भावात परदेशी माल पाठविण्याचे वचन सहा महिने आधी देऊ नये.

याच सदरात स्वयंपाकघरातील एक गोष्ट सांगते. १४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर हा घरच्या स्वयंपाकासाठीच असतो. विक्रीच्या मालासाठी व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, जो साधारणतः १९ किलोचा असतो. तो महाग पडतो, आणि म्हणूनच तो भावात पहिल्यापासून धरावा लागतो. नंतर धरावा म्हटले, तर गिऱ्हाइकास भाव वाढल्याचे तेवढे दिसते.

पाचवा खळगा पार्सलाचा. चिवडा करणाऱ्या भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे. कुरिअरवाले वजनावर पैसे घेतात, असे आपण समजतो. ते दोन वजने पाहतात : एक काट्यावरचे आणि दुसरे आकारमानाचे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यास ५,००० ने भागतात. जे वजन जास्त, त्याचे पैसे. समजा खोका ४० बाय ३० बाय ३० चा आहे. गुणाकार ३६,०००, भागाकार ७.२. आत पातळ पोह्यांचा चिवडा आहे तीन-साडेतीन किलो, पण भाडे लागले सव्वासात किलोंचे! हेच लाडवांच्या बाबतीत होत नाही, कारण लाडू जड. तेव्हा दूरच्या गावी काय पाठवावे आणि काय जवळच विकावे, हे पदार्थाच्या चवीवर ठरत नाही, खोक्याच्या मापावर ठरते.

त्यातच 'माल पोचल्यावर पैसे' ही पद्धत. गिऱ्हाईक दारावर म्हणते, 'नको आता.' साडी परत आली तर घडी घालून पुन्हा विकता येते. आठ दिवस फिरून आलेले अनारसे कोणास विकणार? जाण्याचे भाडे गेले, येण्याचे गेले आणि माल गेला. खाद्यपदार्थांच्या बाबतीत ही पद्धत ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावा खळगा असा की आपण आपले दुकान दुसऱ्याच्या जागेत मांडतो आणि ती जागा आपली समजतो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीच्या कारणांत मी जात नाही. पण ज्यांनी आपली सारी गिऱ्हाइके तेथेच जमविली होती, त्यांचे दुकान एका रात्रीत उठले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही जगभर सुमारे सहा तास बंद पडली. आपल्याकडे ती रात्रीची वेळ होती म्हणून निभावले. दिवाळीच्या आधीच्या दुपारी तसे झाले असते तर? हे मंच वापरू नका असे मी म्हणत नाही. वापरा, पण गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, क्रमांक आणि मागण्या एका साध्या दोरीबांधणीच्या वहीत उतरून ठेवा. मोबाइल हरवला, खाते बंद झाले, तरी ती वही आपल्याजवळ राहते. मात्र ती वही विश्वासाची ठेव आहे. तिच्यातील क्रमांक दुसऱ्या कोणास देऊ नयेत.

सातवा खळगा फसवणुकीचा. तिचे एक ठराविक रूप पाहा. अनोळखी गृहस्थाचा दूरध्वनी येतो. आपण सैन्यात अधिकारी आहोत, जवानांसाठी पन्नास किलो लाडू हवेत, भावाची घासाघीस नाही. भगिनी हरखून जाते. मग तो म्हणतो, 'आगाऊ रक्कम पाठवतो, हे चित्र स्कॅन करा आणि पिन टाका.' पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. एवढे एक सूत्र घरातील थोरामोठ्यांस पाठ करून घ्या : पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. तसेच पैसे भरल्याचे छायाचित्र म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय माल घराबाहेर जाता कामा नये. आणि फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नका; ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक.

आता आठवा खळगा. तो सांगताना जीभ अडखळते, कारण तो परक्यांकडून येत नाही. 'घरबसल्या महिना अमुक हजार कमवा' असे सांगणारी व्यक्ती पुष्कळदा आपल्याच ओळखीची, आपल्याच ज्ञातीतील असते. आधी काही हजार भरून मालाचा संच घ्यावयाचा, मग आणखी चौघांना त्यात आणावयाचे, त्यांनी आणखी चौघांना. मालाच्या विक्रीपेक्षा माणसे आणण्यावर जेथे कमाई असते, तो व्यापार नव्हे. २०२१ च्या थेट विक्रीविषयीच्या नियमांनी अशा पिरॅमिड योजनांस आणि पैशांच्या साखळ्यांस मनाई केलेली आहे. साधी गणना करा : चार, सोळा, चौसष्ट, दोनशे छप्पन्न, दहाव्या पायरीला दहा लाखांच्या वर माणसे लागतात. आपल्या सर्व ज्ञातीची खानेसुमारी केली, तरी साखळी पुरी होणार नाही! शेवटच्या पायरीवरचे बुडतात, आणि शेवटच्या पायरीवर असते ती गरीब, विश्वासू, 'ताईंनी सांगितले म्हणून' पैसे भरणारी बाई. ज्ञातीचा विश्वास ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव आहे. तिचा असा सौदा होऊ देता कामा नये.

भगिनींनो, खळगे इतके सांगितले म्हणून खचून जाऊ नका. वाट चालून गेलेली माणसे आहेत. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. तीच पुढे 'लिज्जत' संस्था झाली. त्यांचे वैशिष्ट्य कशात होते? कणीक एके ठिकाणी मळली जाई, पापड घरोघर लाटले जात, आणि परत आलेला पापड तपासून घेतला जाई. लाटण्याची मजुरी चोख मिळे. काम घरी होते, पण हिशेब घरचा नव्हता. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकारी व्याजात पिचल्या होत्या. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यापासून त्या कामाची सुरुवात झाली. स्वयंपाक त्या बायांना येतच होता. नव्हती ती पत, आणि पत एकटीला मिळत नाही, चौघींनी मिळून मिळते. मोबाइल आला म्हणून हा नियम बदललेला नाही.

यावरून आपल्या मंडळाने काय करावे, याविषयी तीन सूचना करून मी थांबणार आहे.

पहिली सूचना : ज्ञातिभगिनीचा माल घेताना सवलत मागू नये. परक्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण घरच्या बाईशी मात्र घासाघीस करतो आणि त्यास आपुलकी म्हणतो. खरी आपुलकी पुऱ्या किमतीत आणि त्याच दिवशी दिलेल्या पैशांत असते. मंडळ स्वतः संमेलनासाठी जो फराळ घेते, त्याचे पैसेही त्याच दिवशी चुकते व्हावेत.

दुसरी सूचना : दिवाळीपूर्वी तीन महिने, म्हणजे साधारण श्रावणात, मंडळाने एक दिवस राखून ठेवावा. ज्यांना हिशेब, कर, नोंदणी यांचे ज्ञान आहे अशा आपल्या ज्ञातिबांधवांनी त्या दिवशी बसावे, आणि उद्योग करणाऱ्या प्रत्येक भगिनीची नोंदणी, निराळे खाते व भावाचा तक्ता ही तीन कामे तेथेच तिच्या नावाने पुरी करून द्यावीत. सामान एकत्र घाऊक घ्यावयाचे असेल, तर तेही त्याच दिवशी ठरेल. आपल्यात सनदी हिशेबनीस आहेत, वकील आहेत, बँकेत काम करणारे आहेत; त्यांचे एका दिवसाचे श्रम एवढीच ही वर्गणी आहे.

तिसरी सूचना : मंडळाचे व्यासपीठ, मंडळाचा समूह आणि या स्मरणिकेतील जाहिरातीची पाने साखळी योजनांसाठी कोणत्याही किमतीस देऊ नयेत. जाहिरातीचे उत्पन्न थोडे कमी झाले, तर तेवढी वर्गणी आपण सारे मिळून वाढवू.

आणि उद्योग करणाऱ्या भगिनींना एकच सांगणे. दिवाळीच्या आठ दिवसांत जेवढी मागणी येईल तेवढी घेण्याचा मोह आवरा. दोन हातांना जेवढे झेपते त्याचा आकडा आधी ठरवा, आणि तो भरला की 'या वर्षाची मागणी पुरी झाली' असे नम्रपणे लिहा. रात्री दोन वाजता घाईघाईने तळलेली एक खवट चकली दहा वर्षांचे नाव घालविते. 'नाही' म्हटलेले गिऱ्हाईक मात्र पुढच्या वर्षी श्रावणातच विचारीत येते.

घरात बसून करावयाचा असला, तरी हा व्यापारच आहे. त्याला व्यापाराचा मान द्या, म्हणजे तो आपणांस पोटापुरते आणि मानाने देईल.